टेरेसवर बैठक करताय? आधी पाण्याचे पैसे बाजूला काढा

खुर्च्या-झोपाळ्याचे फोटो जरा बाजूला ठेवा. मुंबईत टेरेसचं बजेट पावसापासून सुरू होतं.

माझंच सांगतो. फळ्यांचा डेक आधी बसवला, वॉटरप्रूफिंगचं ‘नंतर बघू’. जुलैत खालच्या काकू छतावरचा ओला डाग दाखवायला वर आल्या. सगळ्या फळ्या उचकटल्या, तर नहाणी ट्रॅपवर, म्हणजे पाणी निघून जायच्या तोंडावर, पानं, माती आणि कपड्यांचे दोन चिमटे! मजुरी दोनदा गेली.

म्हणून क्रम असा ठेवा:

- सोसायटीची लेखी परवानगी. कायमच्या छपराचा विचार सध्या नकोच, त्यात महापालिकाही येते. मोठी छत्री पुरते.
- ढाळ आणि कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा वॉटरप्रूफिंगचा थर). ट्रॅपला बोळा लावून दोन दिवस पाणी साठवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. पाणी बेतानेच भरा, १०० चौरस फुटांवर १ इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ किलो.
- मग डेक. ट्रॅपवरचा तुकडा सहज उचलता आला पाहिजे.

कोटेशनमध्ये माल आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. डेब्रिज, म्हणजे कामाचा राडारोडा, खाली उतरवायचे पैसे कोण देणार तेही विचारा, तिथे हमखास वाद होतो. दहा-पंधरा टक्के राखीव ठेवा.

काम दिवाळीनंतर काढा, मेमध्ये सगळेच कारागीर घाईत असतात. दिवे, झोपाळा वगैरे एक पावसाळा निघाल्यावर बघा.