सूक्ष्म आखणी पेशीला काय सांगते?

पृष्ठभागावर मायक्रोमीटरच्या मापाच्या रेघा किंवा ठिपके उमटवून पेशींची वाढ खरोखर वळवता येते का, असे आपण विचारले आहे. वळवता येते. येल विद्यापीठातील रॉस हॅरिसन यांनी १९१४ मध्येच, बेडकाच्या भ्रूणातील पेशी कोळ्याच्या जाळ्यावर ठेवल्यास त्या धाग्यांना धरून लांबतात, हे नोंदवले होते. पण माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अशा आखणीमुळे पेशीचे भवितव्यही ठरू शकते.

पेशीच्या आवरणातील इंटेग्रिन ही प्रथिने पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिनसारख्या चिकट प्रथिनाला धरतात आणि पेशीच्या आतले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू त्या पकडीवर ताण देतात. म्हणून पीडीएमएस या रबरासारख्या सिलिकोनच्या शिक्क्याने असे प्रथिन उमटवून ठरावीक जागीच पकड मिळेल अशी व्यवस्था केली आणि उरलेल्या भागावर प्रथिने चिकटू न देणारा थर दिला, तर पेशीला त्या जागेचाच आकार घ्यावा लागतो. १९९७ मध्ये चेन, व्हाइटसाइड्स, इंगबर या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर केलेला प्रयोग मला या विषयाचा गाभा वाटतो. त्यांनी चिकटण्याची जागा एकसंध न ठेवता तिचे लहान लहान ठिपके करून ते दूर दूर पसरवले. त्यामुळे प्रत्यक्ष चिकटलेले क्षेत्रफळ फारसे न वाढताही पेशी मधल्या मोकळ्या जागांवरून ताणली जाऊन पसरली. पसरलेल्या पेशी जगल्या व वाढल्या, आकसलेल्या मेल्या. म्हणजे निर्णय चिकटण्याच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर पसरण्यावर अवलंबून होता. पुढे २००४ मध्ये असेही दिसले की, एकाच पोषणद्रावणात चिकटण्याच्या लहान बेटांवरील (म्हणजे सुट्या जागांवरील) मानवी मूलपेशी चरबीच्या पेशींकडे, तर मोठ्या बेटांवरील हाडांच्या पेशींकडे वळतात.

प्रत्यक्ष उपयोगाचा विचार करता हृदयाच्या स्नायूंचे उदाहरण सर्वांत ठोस आहे, कारण फायब्रोनेक्टिनच्या समांतर पट्ट्यांवर या पेशी एका दिशेने रचल्या जातात आणि त्यांचे आकुंचनही त्याच दिशेने होते. अशा पातळ पापुद्र्यांवर औषधांचा परिणाम तपासता येतो. प्रत्यारोपणाच्या जाड ऊतीसाठी मात्र एवढे पुरेसे नाही. पेशी स्वतःच नवे आधारद्रव्य (पेशींभोवतीचे प्रथिनांचे जाळे) स्रवून मूळ आखणी हळूहळू झाकून टाकतात, आणि सपाट पृष्ठभागावरील रेघ वरच्या थरांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे प्राणवायू पुरत नसल्याने, जाड ऊतीत रक्तवाहिन्यांचे जाळे आधी उभे करावे लागते.