एमपी३ लावली की ५.१ चे मागचे स्पीकर घुळघुळतात, दोष स्पीकरचा का?

तुमचा प्रश्न: पेनड्राइव्हवरची एमपी३ गाणी ५.१ होम थिएटरवर लावली की मागून घुळघुळ येते, तर स्पीकर बदलू का, की गाणी सेकंदाला ३२० किलोबिटला कन्व्हर्ट करू?

स्पीकर बदलू नका. दोष फाइलचा आहे. इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच घुळघुळीपायी चार पाहुण्यांसमोर माझ्यावर डुप्लिकेट माल घातल्याचा आळ आलाय.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. ताईनं जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा हॉलमधलं होम थिएटर मीच बसवलं. पुढचे-मागचे चारही स्पीकर एकाच मॉडेलचे, वायर जाड तांब्याची. वास्तुशांतीला दाजींनी पेनड्राइव्ह खोचला. कुठून कुठून उतरवलेली, सगळी १२८ किलोबिटची गाणी. हलगीचं गाणं लागलं. मागून प्रत्येक थापेच्या जरा आधीच 'छस्स' ऐकू यायचं आणि गाणारीच्या 'स' वर ओलसर बुडबुड. दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "मेव्हण्यानं पुढं चांगले लावले, मागं डुप्लिकेट ढकलले."

मी तिथंच स्टुलावर चढलो. मागचे स्पीकर पुढं लावले, पुढचे मागं. घुळघुळ मागंच राहिली. स्पीकर खराब असता तर ती त्याच्याबरोबर पुढं यायला नको होती? पण तोवर पंगत बसली आणि दाजी पानावर गेले.

आता कारण. तुमच्या गाण्यात चॅनल दोनच आहेत. अँप प्रो लॉजिकवर, म्हणजे दोन चॅनलमधून बाकीच्या स्पीकरचा आवाज काढणाऱ्या डॉल्बीच्या सोयीवर असला की डाव्या-उजव्यात जे सारखं ते तो मधल्या स्पीकरला देतो आणि जे वेगळं ते मागं पाठवतो. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, १२८ च्या एमपी३ त त्याचा अकरावा हिस्सा. एवढ्यात भागवायचं म्हणून एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, बहुतेक बिट दोन्हीकडच्या सारख्या भागावर, म्हणजे मुख्यतः गायकावर खर्च करतो आणि फरकाच्या भागाची काटछाट करतो. मोठ्या आवाजाखाली ही घाण झाकली जाईल हा त्याचा हिशेब, आणि दोन स्पीकरवर तो जमतोही. प्रो लॉजिक मात्र गायकाला मध्ये काढून घेतो आणि तो उरलेला फरक एकटा तुमच्या कानामागं वाजवतो. थापेआधीचा 'छस्स' तिथलाच: एन्कोडर आवाजाचे तुकडे पाडून काम करतो, त्यामुळे थापेची चूक तुकडाभर पसरते, थापेच्या आधीही. जुन्या प्रो लॉजिकला मागचा आवाज ७ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे बारीक आवाजाचा भाग, कापलेला असायचा, म्हणून हे कमी जाणवायचं. प्रो लॉजिक २ मागं पूर्ण पट्टा देतो.

३२० ला कन्व्हर्ट करून काही होत नाही. फ्लॅक, म्हणजे काटछाट न करणाऱ्या फॉरमॅटमध्ये, केलंत तरी नाही. चिपाडातून परत रस निघत नाही. मूळ सीडीवरून नव्यानं ३२० करा, मग फरक कळेल. तेवढं करायचं नसेल तर गाण्यांपुरता अँप साध्या स्टीरिओवर ठेवा. मागचे स्पीकर वाजलेच पाहिजेत हा हट्ट मला पटत नाही. गाणं दोन चॅनलचं आहे, दोनावरच ऐकावं.

डीव्हीडीचं तसं नाही. तिथल्या डॉल्बी डिजिटललाही काटछाट आहेच, सहा चॅनल मिळून जास्तीत जास्त ४४८ किलोबिट. पण मागचे चॅनल वेगळे नोंदलेले असतात, वजाबाकीतून काढावे लागत नाहीत. म्हणून पिक्चरला तेच स्पीकर स्वच्छ वाजतात. दाजींच्या घरीही वाजतात, तेव्हा मात्र कुणी डुप्लिकेट म्हणत नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळ्याच एमपी३ अशा नसतात, चांगल्या एन्कोडरनं केलेली १९२ ची फाइलही बरीच निभावते. आणि मूळ सीडी लावूनही मागून खरखर आली, तर मात्र स्पीकर किंवा वायर तपासून घ्या. पंगत उठल्यावर त्याच गाण्याची सीडी मी ताईला आणि भाच्याला ऐकवली. हलगी मागूनही कोरडी, खणखणीत. दाजी अजून ती ऐकायला बसलेले नाहीत, आणि लग्नकार्यात भेटले की डुप्लिकेटचा विषय काढतातच. स्पीकर बसवणाऱ्याला बोलण्याआधी तुम्ही तेवढी सीडी लावून बघा.