आजीच्या चिठ्ठ्या आणि सासूबाईंचा हात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, म्हणजे व्हर्जिनियापासून लुईझियानापर्यंतच्या घरगुती स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, आणि बहुतेक तिकडे लग्न होऊन गेलेल्या नाहीतर नोकरीसाठी स्थायिक झालेल्या वाचकांचीच. जागा होती तेवढी घेतलीत.

ताई, माझं सासर अलाबामाचं, आम्ही राहतो मिनेसोटात. सासूबाईंनी बटरमिल्क बिस्किटांची रेसिपी स्वतः लिहून दिलीये, मी तंतोतंत तशीच करते, तरी त्यांची कापसासारखी होतात आणि माझी दगड. काहीतरी हातचं राखून सांगितलंय का त्यांनी?

अहो नाही, सासूबाईंवर लगेच संशय नको! (बाकीच्या वाचकांसाठी, ही चहात बुडवायची बिस्किटं नव्हेत, जेवणासोबत गरम गरम खायचे फुगलेले मऊ पाव.) पहिला संशयित पीठ. दक्षिणेत पिकतो तो मऊ हिवाळी गहू, त्यात प्रोटीन कमी, आणि व्हाइट लिलीसारखं पीठ, जे 1883 मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झालं, त्यात प्रोटीन साधारण 8-9 टक्के. तुमच्याकडच्या दुकानातल्या ऑल पर्पज पिठात 10 ते 12 टक्के असतं, म्हणजे तार जास्त सुटते, आणि पोळीला जी तार हवी तीच बिस्किटाचा घात करते. सासूबाईंनी नुसतं 'फ्लार', म्हणजे पीठ, एवढंच लिहिलं असेल कारण त्यांच्या फडताळात आयुष्यभर एकच पीठ होतं, दुसरं काही असतं हे लिहायचं त्यांना सुचणारच कसं. आणि ते बहुतेक सेल्फ रायझिंग असणार, म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं. तसं पीठ मिळत नसेल तर दोन भाग ऑल पर्पज, एक भाग केक फ्लार (केकसाठीचं कमी प्रोटीनचं पीठ) घ्या आणि कपामागे दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ.

आता हात. दोन कप पिठाला पाव कप थंडगार लोणी किंवा लार्ड (डुकराची चरबी), फ्रीजमधून काढलं की लगेच, बोटांच्या टोकांनी चुरायचं, तळव्याने नाही कारण तळवा गरम असतो. मग पाऊण कपाच्या आसपास बटरमिल्क, गोळा जेमतेम जमला की थांबायचं, कणीक मळायच्या सवयीने आपले हात थांबत नाहीत तिथेच गडबड होते. थापून दोनतीनदा घडी घाला म्हणजे पदर सुटतात. कटर सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, गोल फिरवला तर कडा चिकटून बसते आणि बिस्किट वाकडं फुगतं नाहीतर फुगतच नाही. तव्यात एकमेकांना खेटून ठेवा, म्हणजे बाजूला न पसरता वर चढतात. ओव्हन 475 फॅरनहाइट, 10 मिनिटांच्या आसपास. आणि बटरमिल्क म्हणजे तिकडचं दुकानात मिळणारं दाट आंबट कल्चर्ड, आपलं पातळ ताक ओतू नका.

नवऱ्याच्या आजीच्या हस्ताक्षरातल्या रेसिपीच्या कार्डांचा एक डबाच आमच्याकडे आलाय. त्यात 'अंड्याएवढं लोणी', 'गोड दूध', 'ओलिओ', 'दोन नंबरचा डबा', 'स्लो ओव्हन' असलं काय काय आहे. केक करायचाय, पण हे वाचायचं कसं?

काय नशीबवान आहात हो. अंड्याएवढं लोणी म्हणजे साधारण पाव कप, 55 ग्रॅमच्या आसपास. गोड दूध म्हणजे साखर घातलेलं नव्हे, साधंच दूध, बटरमिल्क नाही एवढंच सांगायचंय. ओलिओ म्हणजे मार्गारीन. युद्धात 1943 मध्ये अमेरिकेत लोण्याचं रेशनिंग झालं तेव्हा कितीतरी घरांत ते आलं आणि नंतरही राहिलं, तुम्ही बिनधास्त लोणी घाला, आजी रागावणार नाहीत. दोन नंबरचा डबा म्हणजे टिनबंद जिन्नसांचा डबा, 20 औंसांचा, अडीच कप धरा. स्लो ओव्हन 300 ते 325 फॅरनहाइट, मॉडरेट 350 ते 375, आणि 400 च्या वर गेलं की हॉट. नुसतं 'सोडा' लिहिलंय आणि खाली बटरमिल्क आहे, तर तो खायचा सोडा, कपभर बटरमिल्कला अर्धा टीस्पून पुरतो.

पण खरी अडचण जे लिहिलेलंच नाही त्याची. ही कार्डं स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलेली, शिकणाऱ्यासाठी नाही, त्यामुळे पाचसहा जिन्नस आणि खाली 'भाजा' एवढंच असतं, किती वेळ, कुठल्या पातेल्यात, काही नाही. तेव्हा डबा घेऊन एकट्या बसू नका, त्या घरात लहानपणी तो केक खाल्लेलं जे कोणी असेल, आत्या, चुलते, त्यांना विचारा की गोल होता की चौकोनी, थर किती, वरचा कडक व्हायचा का मऊ राहायचा. आणि कार्ड नीट बघा, ज्यावर तेलाचे डाग जास्त तेच आजी जास्त करायच्या, सुरुवात तिथून करा.

आजेसासूबाई मिसिसिपीत असतात, काही म्हणता काही मोजत नाहीत. विचारलं तर 'दिसेल तुला' म्हणतात. त्यांच्या हातचं लिहून कसं ठेवू?

त्यांना मोजायला लावू नका, तुम्ही मोजा. पिठाचा डबा त्या हात घालायच्या आधी वजनकाट्यावर ठेवा आणि झाल्यावर परत, फरक म्हणजे त्यांचं 'थोडंसं'. बटरमिल्कच्या बाटलीचंही तसंच. मिठाची चिमूट आधी वाटीत टाकायला सांगा, मग टीस्पूनने मोजा. व्हिडिओ काढाल तर चेहऱ्याचा नको, हातांचा काढा. आणि 'किती घालू' यापेक्षा 'कधी थांबता' हे विचारा, त्याचं उत्तर त्या पटकन देतील, कारण वास, आवाज, रंग यावरच सगळं चाललेलं असतं.

हे काही नवीन नाही बरं का. ॲबी फिशर म्हणून एक बाई होत्या, साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेल्या, पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. लिहिता वाचता येत नव्हतं, तरी 1881 मध्ये त्यांचं जुन्या दक्षिणी स्वयंपाकाचं पुस्तक छापून आलं, त्यांनी तोंडी सांगितलं आणि दुसऱ्यांनी लिहून घेतलं. मोठ्या घरांच्या 'फॅमिली रेसिपी' म्हणून मिरवलेल्या कितीतरी पदार्थांमागे अशाच कृष्णवर्णीय बायकांचा हात होता, आणि कार्डावर नाव मात्र मालकिणीचं. तुम्ही लिहाल तेव्हा कोणाकडून शिकलं हे पहिल्या ओळीत लिहा.

कॉर्नब्रेडमध्ये साखर घालावी का? आमच्याकडे यावरून दर थँक्सगिव्हिंगला वाद.

घरात जे घालतात ते घाला. जुन्या पद्धतीचे लोक म्हणतील पांढऱ्या मक्याचं पीठ, गव्हाचं नाममात्र किंवा नाहीच, साखर तर मुळीच नाही. पण कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या घालतात आणि तेही तितकंच दक्षिणी. माझं मत विचाराल तर बिनसाखरेचं, कारण बीन्ससोबत खायचं असतं. वाद तव्यावर घाला हवं तर, लोखंडी तवा बेकनच्या चरबीसकट ओव्हनमध्ये आधी तापवलेला हवा, पीठ ओतल्यावर चर्रर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर खालचा पापुद्रा येतच नाही.

मी शाकाहारी आहे. कोलार्ड ग्रीन्सची पालेभाजी, गंबो म्हणजे लुईझियानाचा दाट रस्सा, सगळ्यात मांस. मग माझ्यासाठी काहीच नाही का?

भरपूर आहे, तिकडच्या कितीतरी घरांत उन्हाळ्यातलं रोजचं जेवण म्हणजे भाज्याच असायच्या, मांस चवीपुरतं. कोलार्डमध्ये हॅम हॉक (डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा) धुरकट खारटपणासाठी असतं, त्याजागी कांदा तेलात चांगला लाल करा, स्मोक्ड पॅप्रिका, लसूण, शेवटी व्हिनेगर. पानं तीनचार पाण्यांतून धुवा, रेती फार असते, जाड देठ काढा, आणि तासभर तरी मंद शिजू द्या, पालकासारखी घाई नको. खाली उरतं ते पाणी, पॉट लिकर, टाकायचं नाही, त्यात कॉर्नब्रेड खायचा. तो बुडवावा की कुस्करावा यावरून 1931 मध्ये लुईझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातलं एक वर्तमानपत्र यांच्यात जाहीर भांडण झालं होतं! लाँग बुडवणारे.

गंबोसाठी रू करा, तेल आणि मैदा समसमान, मंद आचेवर अर्धापाऊण तास हलवत चॉकलेटी होईपर्यंत, फोन घ्यायलाही जाऊ नका, एक काळा ठिपका दिसला की सगळं टाकून परत करायचं. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. भेंडी आधी वेगळी तेलात परतून तार मोडा, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. भेंडी घातली तर फिले पावडर (ससाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूड) सहसा घालत नाहीत, घातलीच तर गॅस बंद केल्यावर, उकळली की तार सुटते. आणि हो, गडद रू कमी घट्ट करतो, त्यामुळे पातळ राहिला म्हणून घाबरू नका.

लोखंडी स्किलेट (खोलगट तवा) साबणाने धुतला म्हणून नवरा बोलत नाहीये. वाया गेला का?

नाही. त्याच्यावरचा काळा थर म्हणजे तापून घट्ट चिकटलेलं तेल, आताच्या भांड्याच्या साबणाने तो जात नाही, पूर्वी घरी केलेल्या साबणात लाय, म्हणजे जहाल क्षार, असायचं तेव्हाची ती भीती. फक्त पाण्यात भिजत ठेवू नका. लगेच पुसा, गॅसवर कोरडा करा, तेलाचा पातळ हात फिरवा. बोलत नसेल तर त्यातच अंडी तळून द्या, चिकटली नाहीत की बघू दे.