ओरिजिनल नाही, डुप्लिकेटही नाही, मग आहे तरी काय?

मागच्या अंकात खेळणी जमवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. त्यातली चार घेतोय. आधीच सांगून टाकतो, नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात काळा कोट घालून फिरणारा हा वकील घरी काचेच्या कपाटात रोबोट लावून ठेवतो आणि त्यातले तीन थर्ड पार्टी, म्हणजे मूळ कंपनीला न विचारता दुसऱ्याच कोणी बनवलेले आहेत, त्यामुळे मी काही सोवळा नाही.

दादा, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत लागलाय. पगारातले साडेनऊ हजार घालून त्याने एक रोबोट मागवला, त्याचा ट्रक होतो म्हणे. बॉक्सवर ना मूळ कंपनीचं नाव, ना त्या रोबोटचं, भलतंच काहीतरी छापलंय. मी म्हटलं तुला डुप्लिकेट माल चिकटवला, तर म्हणतो आई हे डुप्लिकेट नाही, थर्ड पार्टी आहे, ओरिजिनलपेक्षा भारी. खरं कोणाचं? आणि उद्या पोलीस वगैरे दारात येणार नाहीत ना? — एक आई, इंदिरानगर

ताई, पोलीस येणार नाहीत, शांत झोपा. बाकी तुम्ही दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात.

डुप्लिकेट कशाला म्हणायचं ते आधी बघू. आपल्याकडे नाशिक रोडला नोटांचा प्रेस आहे, तिथली नोट खरी, आणि कोणी घरात तशीच छापून तुमच्या हातात खरी म्हणून टेकवली तर ती नकली. खेळण्यांत याला केओ म्हणतात, नॉकऑफचं लघुरूप, आपल्या मेन रोडच्या भाषेत फर्स्ट कॉपी. कंपनीचं खेळणं घ्यायचं, त्याचे पार्ट सुटे करून त्यावरून साचा काढायचा, हलकं प्लास्टिक ओतायचं आणि कित्येकदा बॉक्सही जसाच्या तसा छापायचा. इथे फसतो तो तुमच्यासारखा गिऱ्हाईक.

थर्ड पार्टीवाला तसं करत नाही. तो डिझाइन स्वतः काढतो, जॉइंट कुठे, कुठला भाग कुठे दुमडणार, सगळं इंजिनिअरिंग त्याचं स्वतःचं, साचाही स्वतःचा आणि बॉक्सवर नावही त्याचंच. फक्त जो रोबोट बनवलाय तो दुसऱ्याच्या डोक्यातून आलेला आहे. गणपतीत ऑर्केस्ट्राचा गायक कसा स्वतःचं नाव सांगून स्टेजवर येतो, गाणं मात्र दुसऱ्याचं गातो आणि कधी कधी असं गातो की वन्स मोअर पडतो, तसंच हे. पण गाणं ज्याचं आहे त्याला कोणी विचारलंय का? नाही. म्हणजे केओमध्ये गिऱ्हाईक फसतो आणि थर्ड पार्टीत गिऱ्हाइकाला सगळं माहीत असतं, ज्याला विचारलं नाही तो कॅरेक्टरचा मालक. मुलगा म्हणतो तो फरक खरा आहे, पण म्हणून हे सगळं कायदेशीर आहे असं त्याने तुम्हाला ऐकवू नये.

हे सुरू कसं झालं ते पण मजेशीर आहे. जपानच्या टाकारा कंपनीची डायक्लोन आणि मायक्रोमॅन अशी खेळणी आधीपासून होती, ती घेऊन हास्ब्रो कंपनीने 1984 साली अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे ज्यांची गाडी होते असे रोबोट आणले. ती पोरं मोठी झाली, कमवायला लागली, आणि त्यांना टीव्हीवर दिसायचा अगदी तसाच रोबोट हवा झाला. 2003 पासून टाकाराने अशा मोठ्यांसाठी मास्टरपीस नावाची महागडी मालिका काढली, पण कंपनी ती कंपनी, जे खपेल तेच आधी काढणार, कोपऱ्यातल्या कॅरेक्टरचा नंबर कधी लागायचा? मग काही लोकांनी आधी नुसती डोकी, बंदुका, अंगावर चढवायची चिलखतं विकायला सुरुवात केली, म्हणजे कंपनीचं खेळणं तुम्ही घ्या आणि वरचा साज आमचा, आणि ते खपतंय म्हटल्यावर अख्खे रोबोटच काढायला लागले. मूळ नाव टाकत नाहीत, छातीवरचं चिन्हही कोरं सोडतात, ते स्टिकर गिऱ्हाईक वेगळे मागवून स्वतः चिकटवतो. का? कारण नाव आणि चिन्ह हे ट्रेडमार्क, ते लावलं की सरळ सापडले. पण चेहरामोहरा, रंग, अंगाची ठेवण यावर कॉपीराइट असतो आणि तो नाव बदलल्याने जात नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे की कागदावरच्या चित्राला त्रिमितीत उतरवणं हाही चित्राच्या मालकाचाच हक्क. नाव बदललं म्हणून पळवाट मिळाली असं जे पोरं सांगतात ना, ती अर्धीच पळवाट आहे.

आता तुमचा मुलगा. विकत घेऊन घरी ठेवणं हा गुन्हा नाही. कायद्याच्या कलम 51 मध्ये बेकायदा प्रती आयात करायला मनाई आहे, पण तिथेच खाली सूट आहे की स्वतःच्या घरगुती वापरासाठी एक प्रत आणली तर चालेल. एक बरं का, दहा नाही! पोरगं मित्रांसाठी म्हणून आठ मागवायला लागलं आणि वर दोनशे दोनशे मार्जिन ठेवायला लागलं की तो छंद राहत नाही, धंदा होतो. कस्टमवाल्यांचे 2007 चे नियम आहेत, त्यातही घरगुती वापराच्या छोट्या पार्सलला सूट आहे, पण ड्युटी लागली तर ती भरावीच लागते, पावती जपून ठेवायला सांगा. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, त्यामुळे पार्सलवर मोठ्यांचं कलेक्टिबल असं नीट लिहिलेलं असलं तर बरं पडतं, नुसतं टॉय लिहिलं तर उगाच प्रश्न विचारले जातात.

साडेनऊ हजार का, तर अंबडला आहे ना तो, त्यालाच विचारा स्टीलच्या एका मोल्डला काय पैसे पडतात. तेवढाच खर्च मोठी कंपनी कितीतरी जास्त नगांवर वाटते, हे लोक थोडक्या नगांवर.

माझी काळजी वेगळीच आहे. अशा मालाला वॉरंटी नसते. माझ्या एका रोबोटचा खांदा तिसऱ्या दिवशी कट्कन तुटला, सेलरला फोटो पाठवले, तो म्हणाला फॅक्टरीला कळवतो, त्याला आता दोन वर्षं होतील, तो अजून कळवतोच आहे. खांदा फेविक्विकवर उभा आहे. आणि प्री-ऑर्डर म्हणून आधी पूर्ण पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहायला सांगा, कारण बनवणाऱ्याने काम गुंडाळलं तर कोणत्या तोंडाने आणि कोणाकडे भांडणार? थोडं डिपॉझिट ठीक आहे, बाकीचे माल निघाल्यावर. एक गंमत सांगतो, या थर्ड पार्टीवाल्यांच्या मालाचेही केओ निघतात आणि तेव्हा हेच लोक आमचं डिझाइन चोरलं म्हणून गळा काढतात. तेव्हा घेताना त्याने थर्ड पार्टी घेतलंय की थर्ड पार्टीची फर्स्ट कॉपी हे मात्र तपासायला हवं. भाव निम्मा आणि बॉक्सचे रंग फिके असतील तर समजून जायचं.

सर, माझ्या पांढऱ्या फिगर पिवळ्या पडल्यात आणि एक रबरी फिगर हाताला चिकट लागते. माल नकली निघाला का? — एक कलेक्टर, नाशिक रोड

त्यावरून काही ठरत नाही, ओरिजिनलचंही होतं. पांढरं एबीएस प्लास्टिक ऊन लागून पिवळं पडतं. मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन असतो, तो उन्हाळ्यात बाहेर झिरपला की चिकट लागतं. कोमट पाणी, भांड्याचा साबण एक थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवायचं. आणि पश्चिमेच्या खिडकीतलं कपाट हलवा हो, गंगापूर रोडच्या घरात मी हीच चूक केली होती.

नमस्कार साहेब, आमच्या मंडळाला यंदा देखाव्यात पंधरा फुटी सुपरहिरो उभा करायचाय, खाली बाप्पा. कोणीतरी म्हणालं कंपनी केस करते. खरं का? — मंडळाचा कार्यकर्ता, पंचवटी

भाऊ, असं झालेलं आहे. 2007 साली कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरची शाळा मंडप म्हणून उभी केली होती, तर लेखिका आणि सिनेमा कंपनी दिल्ली हायकोर्टात गेल्या, वीस लाखांचा दावा लावला. कोर्टाने मंडप तसाच राहू दिला, पूजा काही नफ्याचा धंदा नव्हे हे तिथे उपयोगी पडलं. पण तुमच्या देखाव्यावर जर कोणा बिल्डरचा किंवा गुटख्याचा बोर्ड लागणार असेल, सुपरहिरोच्या हातात त्याची जाहिरात द्यायची असेल, तर तो वेगळा विषय झाला, तसं करू नका. बाकी सुपरहिरो वर आणि बाप्पा खाली हे मला तरी बरं वाटत नाही, उलटं करा.

काका, मी सिडकोत राहतो, रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतलाय. बारा इंची फिगरसाठी हिरो लोकांची डोकी प्रिंट करून रंगवून देतो, 1800 रुपयांना एक. मी कुठेच हिरोचं नाव लिहीत नाही, सिनेमाचंही नाही, फक्त चेहरा. मग प्रॉब्लेम नाही ना? आतापर्यंत कोणी काही बोललं नाही. — एक मूर्तिकार

आहे रे बाबा, प्रॉब्लेम आहे. नाव नसलं म्हणून काय झालं, गिऱ्हाईक 1800 देतो तो चेहरा ओळखतो म्हणूनच ना? उद्या सीबीएसच्या रिक्षावाल्याचा चेहरा प्रिंट करून ठेव, देईल कोणी 1800?

तुझीच केस वाटावी अशी एक केस होऊन गेलीय. काही दुकानांत दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या बाहुल्या विकायला आल्या, त्याच्या गाण्याच्या ओळी पण म्हणायच्या. 2010 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांची विक्री बंद केली आणि एक लाख भरपाई द्यायला लावली. त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की व्यंगचित्र, टिंगल, विडंबन यावर, प्रसिद्ध माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावर आणि ओळखीवर जो हक्क असतो त्याच्या नावाखाली, गदा आणता येणार नाही. तू व्यंगचित्रासारखं डोकं काढत असशील तर बोलायला जागा आहे, पण तू तर हुबेहूब काढतोस आणि तीच तुझी जाहिरात आहे. 2023 मध्ये अनिल कपूरने चेहरा, आवाज, अगदी त्याच्या त्या झकाससकट संरक्षण मिळवलं, पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफने भिडूसकट.

आणि चेहरा ही निम्मीच गोष्ट झाली. तू ते डोकं पोलिसी वर्दी आणि कॉलरला मागे लटकवलेल्या गॉगलसोबत विकलंस तर तो नुसता हिरो नाही, ते कॅरेक्टर झालं. चुलबुल पांडेच्या बाबतीत 2016 साली मुंबई हायकोर्टाने म्हटलंय की असं वेगळं उठून दिसणारं पात्र स्वतंत्रपणे संरक्षणाला पात्र असतं. म्हणजे चेहऱ्याची परवानगी माणसाकडून आणि पात्राची निर्मात्याकडून, दोन दारं ठोठवायची, एक उघडलं म्हणून दुसऱ्यातून आत जाता येत नाही. लायसन्स घेऊन काम करणाऱ्या हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपन्यांच्या फिगर एवढ्या महाग असतात त्यात ही परवानगीची फी पण आलीच.

कोणी बोललं नाही म्हणतोस, कारण तुझा धंदा अजून लहान आहे. पण कॉपीराइट कायद्याचं कलम 63 नीट वाच, धंद्यासाठी कॉपीराइट मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, आणि 2022 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. आईला सांगितलंयस का हे? नेटवरून घेतलेल्या फायलीवर बनवणाऱ्याने फक्त वैयक्तिक वापरासाठी असं लिहिलेलं असेल तर ती प्रिंट करून विकणं म्हणजे आणखी तिसऱ्या माणसाला न विचारता केलेलं काम, आणि तो तर तुझ्यासारखाच कोणीतरी रात्र रात्र जागणारा पोरगा असतो. स्वतःच्या कपाटासाठी एखादं डोकं काढलंस तर कोणी हरकत घेणार नाही. हात चालतोय तर सराव चालू ठेव, फक्त रेझिन हाताळताना ग्लोव्ह्ज घाल आणि खिडकी उघडी ठेव, घरात लहान मूल असेल तर प्रिंटर गच्चीवरच्या खोलीत.

मग विकू काय, असं विचारशील. दादासाहेब फाळके कर ना! त्र्यंबकेश्वरचा माणूस, 1913 साली पहिला सिनेमा काढला, 1944 साली आपल्या नाशकातच गेले. 2023 साली एका नटाच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलंय की चेहऱ्या-ओळखीवरचे हे असले हक्क त्या माणसाबरोबरच संपतात, आणि हे तर जाऊन ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली. फक्त कोणाच्या पुतळ्यावरून किंवा कोणाच्या फायलीवरून उचलू नकोस, जुने फोटो समोर ठेवून स्वतः घडव. कोट, ती मिशी, लाकडी कॅमेरा तीन पायांवर, हॅंडल फिरवायचा हात जॉइंटचा, म्हणजे कॅमेरा खरंच फिरवता आला पाहिजे. बारा इंची. पहिला नग माझ्यासाठी बाजूला ठेव, 1800 नाही, तू म्हणशील ते देतो, आणि खांद्याचा जॉइंट प्लीज मजबूत कर.