सोनं लुटायचं म्हणजे चोरायचं का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल पिवळ्या कागदाची आपट्याची पानं कापताना तू विचारलंस, "आई, सोनं लुटायचं म्हणजे चोरायचं का गं?" आणि लगेच, "मैत्रिणीची बंगाली आजी म्हणते बर्गी म्हणजे मराठे. मग ते आपणच का?" मला चटकन बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

सोनं लुटायची गोष्ट रघुराजाची आणि कौत्साची. कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला, कौत्साने हवं तेवढंच घेतलं, उरलेलं लोकांनी नेलं. त्यात चोरी नाही. पण दसऱ्याला आपण सीमोल्लंघन म्हणतो, त्यामागे खऱ्या लढायाही आहेत. पाऊस सरला, नद्या उतरल्या, घोड्यांना चारा मिळू लागला की फौजा मोहिमेवर निघत.

आणि हो, बर्गी आपलेच. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगालीत त्याचं बर्गी झालं. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४२ मध्ये बंगालात शिरली ती चौथाईसाठी, म्हणजे तिथल्या महसुलाचा चौथा हिस्सा मिळावा म्हणून. कुणी आपल्या घरावर चालून आलं नव्हतं. पैसा हवा होता. बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये त्या फौजेचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांना बोलणीला बोलावून मारलं, म्हणजे कपट तिकडेही होतं. पण घरं जळली ती शेतकऱ्यांची. १७५१ मध्ये नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई द्यायची असा तह झाला, तोवर हे चाललं. मैत्रिणीची आजी गाते त्या अंगाईत आई बाळाला निजवताना म्हणते, बर्गी आले, धान बुलबुलांनी खाल्लं, आता शेतसारा कशाने भरू? त्या आईला काय उत्तर द्यायचं, मला सुचत नाही.

मग लढणं नेहमीच वाईट का? मला तसं वाटत नाही. १६५९ मध्ये अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा शिवाजी महाराज लढले ते रास्तच होतं. सुरत त्यांनीही लुटली होती, त्यावर आपण वेगळं बोलू. पण १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्याच घोडदळाला त्यांनी एक पत्र लिहिलं, ते तू मोठी झालीस की मूळ मराठीत वाच. कुणब्यांकडून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी उचलून आणू लागलात, तर त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असं त्यात बजावलंय. कुणब्याची भाकरसुद्धा! लढाई रास्त असली तरी सैनिकाला सगळं माफ नाही, हे ते आपल्याच माणसांना सांगत होते. सत्तर वर्षांनी बंगालात गेलेल्यांना याची आठवण राहिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

दसऱ्यालाच मैत्रिणीच्या घरच्या बंगाल्यांची विजयादशमी असते, आणि त्या दिवशी मोठ्यांच्या पाया पडायची रीत त्यांच्याकडेही आहे. सगळ्यात नीट कापलेली दोन पानं आजींसाठी बाजूला ठेव. मीही येते तुझ्याबरोबर. ती अंगाई मला त्यांच्या तोंडून ऐकायची आहे.

तुझी,
आई