तोंडी ठरलेला घराचा व्यवहार

प्रश्न : गावठाणातील एक जुने घर बारा लाखांना घ्यायचे, असे घरमालकांशी दोन शेजाऱ्यांसमोर तोंडी ठरले. इसारापोटी दोन लाख रुपये मी त्यांच्या बँक खात्यावर पाठवले. इसारपावती मात्र केली नाही. आता भाव वाढल्यावर ते म्हणतात, 'कागद नाही, तर व्यवहारही नाही.' हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घरमालकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार, एखाद्या कायद्याने लेखाची सक्ती केली नसेल तर तोंडी करारही बंधनकारक असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ ने ही सक्ती केली आहे ती प्रत्यक्ष विक्रीला : शंभर किंवा त्याहून अधिक रुपयांच्या घर-जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय बदलत नाही. (शंभराचा हा आकडा १८८२ पासून तसाच आहे, आज त्यातून गावातला गोठाही सुटत नाही.) खरेदीखत करून देण्याचा करार ही वेगळी गोष्ट असून, तो निव्वळ तोंडी आहे म्हणून आपल्याकडे रद्दबातल ठरत नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. किंमत, मुदत, घराच्या चतुःसीमा हे सारे नक्की ठरले होते, हे तुम्हालाच सिद्ध करावे लागेल, आणि न्यायालय अशा दाव्याकडे फार काटेकोरपणे पाहते. बँकेचा उतारा पैसे दिल्याचे सांगतो, ते कशासाठी दिले हे सांगत नाही. म्हणून शेजाऱ्यांची साक्ष आणि घरमालकांचे व्हॉट्सॲपवरील संदेश जपून ठेवा. उरलेले दहा लाख देण्याची तुमची तयारी पहिल्यापासून होती, हेही दाखवावे लागते. ताबा घेतला असेल तरी त्यावर विसंबू नका, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ चे ताब्याला मिळणारे संरक्षण लेखी कराराला, आणि २००१ पासून नोंदणीकृत करारालाच मिळते.

आता वकिलामार्फत नोटीस द्या आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही द्या, कारण तुमच्या कराराची कल्पना नसलेल्या तिऱ्हाइताने पूर्ण पैसे मोजून प्रामाणिकपणे घर घेतले, तर ते त्याच्याकडून परत मिळवता येत नाही. खरेदीखत ठरावीक तारखेला व्हायचे असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा लावावा लागतो. दाव्यात इसाराच्या परताव्याची पर्यायी मागणी स्पष्टपणे लिहायला वकिलांना सांगा. न मागितलेला इसार न्यायालय आपण होऊन देत नाही.