कुलूपबंद गाणी : तुमचे प्रश्न

डिजिटल गाण्याची नक्कल होऊ नये म्हणून त्याला जे कुलूप लावतात, ज्याला डीआरएम म्हणतात, त्याबद्दल गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर आलेले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : २००५ साली भावाने अमेरिकेहून एक सीडी आणली होती. कव्हरच्या डाव्या कडेला ‘कंटेंट प्रोटेक्टेड’ असं छापलंय. मुलगा म्हणतो, ती कॉम्प्युटरमध्ये घालू नका. गाण्याच्या सीडीने कॉम्प्युटर कसा बिघडेल? (पुणे)

मुलाचं ऐका. सीडीची रचना ठरली तेव्हा घरात तिची नक्कल करण्याचं साधनच नव्हतं, म्हणून नक्कल रोखायची सोय त्या रचनेत नाही. पुढे घरोघरी सीडी रायटर आले आणि कंपन्यांनी वरून ठिगळं लावायला सुरुवात केली. त्यातलं सर्वांत वाईट ठिगळ सोनी बीएमजी या संगीत कंपनीचं. २००५ मध्ये त्यांच्या ५२ अल्बमांवर एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर होतं. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली की ते आपला प्लेअर बसवून घ्यायला सांगायचं आणि तीनच नकला करू द्यायचं. इथवर ठीक. पण त्याबरोबर ते विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवायचं. ‘$सिस$’ या खुणेने ज्या फाइलचं नाव सुरू होईल ती फाइल कॉम्प्युटरच्या मालकालाच दिसेनाशी व्हायची, मग ती कुणाचीही असो. व्हायरस लिहिणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत याच खुणेचा आडोसा घेतला.

मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराला हे स्वतःच्या कॉम्प्युटरवर सापडलं आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी ते जाहीर केलं. हे सॉफ्टवेअर काढायला कंपनीने जे साधन दिलं, त्याने कॉम्प्युटरला आणखी मोठं भगदाड पडतं, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अॅलेक्स हॉल्डरमन आणि एड फेल्टन यांनी दाखवलं. नोव्हेंबरात सीड्या परत मागवाव्या लागल्या, टेक्सस राज्याने खटला भरला. आणि याच एक्ससीपीत ‘लेम’ या मुक्त एमपी-३ सॉफ्टवेअरचे तुकडे, परवान्याच्या अटी न पाळता वापरलेले सापडले. कॉपीराइट राखायला म्हणून लोकांच्या घरात शिरलेल्यांनी दुसऱ्याचा कॉपीराइट मोडला होता. इतक्या वर्षांनीही मला याचा संताप येतो, कारण ज्यांनी दुकानात जाऊन पैसे मोजले, त्यांच्याच घरात हे घडलं. फुकट उतरवून घेणाऱ्याला मिळालेली एमपी-३ फाइल स्वच्छ होती.

तुमची सीडी साध्या सीडी प्लेअरवर खुशाल वाजवा. जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र घालू नका.

प्रश्न : २००६ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातून बरीच गाणी विकत घेतली. फाइलच्या नावाशेवटी एम-४-पी आहे. तेव्हाचे कॉम्प्युटर कधीच मोडीत गेले, नव्यावर ती वाजवायची परवानगी आता मिळत नाही. (न्यू जर्सी)

त्या ‘पी’चा अर्थ प्रोटेक्टेड. अॅपलच्या या कुलपाचं नाव फेअरप्ले, आणि एका खात्यावर पाचच कॉम्प्युटर चालतात. मोडीत गेलेली यंत्रंही त्या पाचांत मोजली जातात. खात्याच्या पानावर सगळ्यांची परवानगी एकदम रद्द करता येते. ती करा आणि नव्या कॉम्प्युटरला परवानगी द्या. मग जुन्या फाइली बाजूला ठेवून तीच गाणी खरेदीच्या यादीतून पुन्हा उतरवा. दुकानात अजून असलेली गाणी आता बिनकुलपाची मिळतात. जी तिथे नसतील, त्यांची ऑडिओ सीडी करून ठेवा. ती सवलत पहिल्यापासूनच होती.

तुमचं दुकान निदान चालू आहे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये कळवलं, की त्यांच्या एमएसएन म्युझिक या दुकानातल्या गाण्यांना ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरवर परवानगी मिळणार नाही. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. याहूचं दुकान २००८ च्याच सप्टेंबरात बंद झालं. गाणं तुमच्या घरात आणि किल्ली विकणाऱ्याच्या सर्व्हरवर, अशी ही खरेदी होती. पैसे घेताना तिला ‘खरेदी’ म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

प्रश्न : मी गाते, दोन अल्बम निघाले आहेत. कुलूप नको म्हणणं म्हणजे आमच्या पोटावर पाय देणं नाही का? (कोल्हापूर)

तुमची काळजी खरी आहे. गाण्याचे पैसे गाणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत, यावर माझी तडजोड नाही. पण ते पैसे कुलपाने मिळवून दिले का?

२००३ मध्ये सनकॉम कंपनीचं मीडियामॅक्स हे सीडीवरचं कुलूप आलं. सीडी घालताना कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरली की ते चालूच होत नाही, हे हॉल्डरमन यांनी दाखवलं. कंपनीने आधी खटल्याची धमकी दिली, मग मागे घेतली. एकाने कुलूप काढलं की जगभर फिरायला तेवढी एक प्रत पुरते. बाकी लाखो प्रामाणिक लोक मात्र कुलूप सांभाळत बसतात.

फेब्रुवारी २००७ मध्ये अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्रात हिशोब मांडला : २००६ मध्ये ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी २ अब्जांहून कमी विकली गेली, तर संगीत कंपन्यांनी स्वतःच सीडीवर बिनकुलपाची २० अब्जांहून जास्त विकली. मग थोड्यांना कुलूप लावून काय साधलं? वॉर्नर या संगीत कंपनीचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन यांनी हे म्हणणं उडवून लावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ईएमआय या दुसऱ्या संगीत कंपनीने कुलूप काढायचं ठरवलं, आणि डिसेंबरात वॉर्नरचीच गाणी अॅमेझॉनवर बिनकुलपाची विकायला आली. २००९ मध्ये आयट्यून्सनेही उरलेल्या गाण्यांचं कुलूप काढलं.

तुमच्या करारात दर गाण्यामागे तुम्हाला किती मिळतात, हे तपासा. गायकाच्या पोटावर पाय पडतो तो तिथे.

प्रश्न : स्वतःच्या सीड्या मोबाइलवर घेतल्या तर गुन्हा होतो का? (नाशिक)

खासगी वापरापुरत्या घेतल्या तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलं असेल तर. अमेरिकेचा १९९८ चा कायदा, काही ठरावीक सवलती सोडल्या, तर हेतू विचारत नाही. आपला कायदा इथे जास्त शहाणा आहे. प्रती वाटू मात्र नका.

प्रश्न : अॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी वर्गणी संपताच गेली. पैसे तर भरले होते! (ठाणे)

ते भाडं होतं. अॅपमधलं डाउनलोड कुलपातच असतं. स्पॉटिफायवर तर वर्गणी चालू असतानाही ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं. भाड्याला माझी हरकत नाही, रोज नवं ऐकायला ते सोयीचंच आहे. पण जे गाणं आईच्या आठवणीसाठी हवं आहे, ते भाड्याने ठेवू नका. सीडी घ्या, किंवा बँडकॅम्पसारख्या ठिकाणी असेल तर तिथून फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) विकत घ्या, आणि तिची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.